मंत्र्याला गोळी लागल्यावर कॅमेरा कुठे वळतो

कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं आहे: बारावीची मुलं गॅदरिंगसाठी 'रंग दे बसंती'वर बेतलेली एकांकिका बसवताहेत. त्यात संरक्षणमंत्र्याला गोळ्या घालण्याचा प्रसंग आहे. प्राचार्य म्हणतात, हे राजकीय हिंसेचं उदात्तीकरण आहे, तालमी बंद करा. लोकप्रिय हिंदी सिनेमा तरुणांच्या डोक्यात खरंच असलं काही भरवतो का?

मॅडम, उदात्तीकरण होतं. नाही म्हणण्यात अर्थ नाही, माझं पोटच त्यावर भरलं आहे. मी एडिटर. स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या जुन्या टेबलावर, फिल्मचे तुकडे चिकटवण्यापासून ते आत्ताच्या सॉफ्टवेअरपर्यंत मारामाऱ्या, खून, एन्काउंटर बरेच कापले आणि जोडले. पण नेमकं कशाचं उदात्तीकरण होतं आणि त्यातलं मुलं काय उचलतात, याची उत्तरं तुमचे प्राचार्य शोधताहेत तिथे सापडणार नाहीत.

आधी टेबलावरची गोष्ट सांगतो. नायक पिस्तूल काढतो, पुढारी पडतो. एवढंच दाखवलं तर ती बातमी झाली. तिला रुबाब येतो तो नंतरच्या कामानं. नायकाच्या चालण्याचा शॉट सेकंदाला ९६ फ्रेमनं घेतलेला असतो आणि पडद्यावर तो २४ नं धावतो, म्हणजे एका सेकंदाची चाल चार सेकंद पुरते. तिच्याखाली ढोल, नाहीतर कोरस. गोळीचा आवाज दोन-तीन आवाज एकावर एक चढवून तयार केलेला. आणि मुख्य म्हणजे पुढारी पडला की आपण त्याच्याकडे बघतच नाही. तो फ्रेमबाहेर कोसळतो, कट थेट नायकाच्या डोळ्यांवर येतो. हा कट नेमका कुठे द्यायचा, त्यावर थिएटरातली शिट्टी ठरते.

एका सिनेमात (नाव राहू द्या) पुढाऱ्याबरोबर त्याचा अंगरक्षकही मरत होता. दिग्दर्शकानं हौसेनं एक जादाचा शॉट घेतला होता: अंगरक्षकाचा स्टीलचा डबा उघडून पडलाय, पोळीभाजी रस्त्यावर. मी तो ठेवला, जेमतेम तीन सेकंद. ट्रायल शोला तेवढ्यात खोली अशी थंडावली की पुढचा टाळीचा डायलॉग वाया गेला. दुसऱ्या दिवशी निर्मात्याचा फोन, ''डबा काढा.'' काढला. सिनेमा बरा चालला. रक्त किती दाखवलं यापेक्षा असले डबे किती काढले, ते मी मोजतो.

सेन्सॉर बोर्ड ते मोजत नाही. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हिंसेसारख्या समाजविरोधी कृत्यांचं उदात्तीकरण किंवा समर्थन होऊ नये, असं स्वच्छ लिहिलं आहे. प्रत्यक्षात कागद येतो तो 'भोसकण्याचा शॉट ५० टक्के कमी करा' असा. रक्त निम्मं होतं, नायकाचा दिमाख तेवढाच राहतो. उलट जखम दिसली नाही की मारणं आणखी सोपं वाटतं. 'शोले'त ठाकूर गब्बरला ठार मारतो असा मूळ शेवट होता. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस आणून उभे केले. पोलीस आले म्हणून ठाकूरचा सूड कोणाच्या मनात अपुरा राहिला असेल, असं मला तरी वाटत नाही.

आता तुमच्या एकांकिकेचा सिनेमा. २६ जानेवारी २००६ ला आला, संकलन पी. एस. भारती यांचं. दिल्लीतली निवांत पोरं एका ब्रिटिश मुलीच्या माहितीपटात आझाद, भगतसिंग, राजगुरू, बिस्मिल, अश्फाकउल्ला होतात. त्यांचा मित्र अजय राठोड, हवाई दलाचा वैमानिक, मिग-२१ कोसळून मरतो. संरक्षणमंत्री (आपले मोहन आगाशे) ठपका वैमानिकावर ठेवतो. इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन बसलेल्यांवर लाठ्या चालतात, अजयची आई कोमात जाते, आणि मग खून. ब्रिटिश काळातली पिवळसर दृश्यं आणि आजची दिल्ली एकमेकांत अशी विणली आहेत की मंत्र्यावर गोळी सुटते तेव्हा आपल्या मनात मंत्री आणि क्रांतिकारकांनी मारलेला गोरा पोलीस अधिकारी साँडर्स एकच माणूस झालेले असतात. कुणी वाद घालून पटवलेलं नसतं. ते कटनं पटवलेलं असतं.

इथपर्यंत मी प्राचार्यांच्या बाजूचा. गोऱ्या अधिकाऱ्याला मत देऊन घरी पाठवता येत नव्हतं, मंत्र्याला येतं. एवढा मोठा फरक सिनेमा जोडकामात गिळून टाकतो आणि ढेकरही देत नाही.

पण पुढे बघा काय होतं. खून झाल्यावर बातम्या सुरू होतात की अतिरेक्यांनी मंत्र्याला मारलं, आणि मंत्री हुतात्मा ठरतो. केलं एक आणि झालं भलतंच. म्हणून तर ती पोरं आकाशवाणीत घुसतात, कर्मचाऱ्यांना बाहेर घालवतात आणि लोकांशी बोलायला बसतात. म्हणजे गोळीनं काही सांगता आलं नाही, शेवटी माइकच लागला, हे कथेनंच मान्य करून टाकलंय. आणि माइकवरून सांगतात काय, तर पोलिसात जा, सैन्यात जा, प्रशासनात जा, राजकारणात उतरा. कॉलेजांत या सिनेमावर बोलायला जातो तेव्हा मी विचारतो, रेडिओवर ती पोरं काय सांगतात? फार थोडे हात वर होतात. शेवटी पोरं कशी मरतात, असं विचारलं की अख्खा वर्ग बोलायला लागतो. हसत मरतात, एकमेकांची थट्टा करत मरतात. कमांडोंच्या गोळ्यांसमोर इतकं देखणं मरण हिंदी सिनेमानं त्याआधी क्वचितच रंगवलं असेल.

माझं म्हणणं तेच आहे. या सिनेमानं मारण्यापेक्षा मरण्याला जास्त झळाळी दिली. मंत्र्याचा खून पटकन उरकला आहे, हुतात्मा होणं मात्र सावकाश, प्रेमानं कापलंय. सतराव्या-अठराव्या वर्षी आपण मेल्यावर लोक कसे हळहळतील हे मनातल्या मनात बघितलं नाही, असा माणूस विरळा. सिनेमा त्या जागी बरोबर बोट ठेवतो.

मग मुलांनी त्यातून उचललं काय? सिनेमा थिएटरात असतानाच, २१ फेब्रुवारी २००६ ला, दिल्लीच्या न्यायालयानं जेसिका लाल खून खटल्यातले सगळे आरोपी सोडले. त्यानंतरच्या दिवसांत तरुण मुलं-मुली इंडिया गेटला जमली, हातात मेणबत्त्या. पडद्यावरचा प्रसंग जसाच्या तसा. फक्त पुढचं पिस्तूल कुणी उचललं नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. पुढे मेणबत्तीची इतकी सवय लागली की तिचीही चेष्टा सुरू झाली: टीव्हीवर छान दिसते, पोलिसांना त्रास नाही, साडेआठला घरी. चेष्टा करणाऱ्यांचं काही अगदीच चूक नव्हतं. पण 'हा सिनेमा बघून पोरं बंदुका घेतील' असं जे म्हणत होते त्यांना उत्तर मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच सिनेमात होत्या. पोरांनी झेपेल ती घेतली.

विमानांच्या बाबतीतही बघा. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली मिग-२१ च्या अपघातात गेला. त्याच्या आईनं, कविता गाडगीळ यांनी, या विमानांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं सरकारशी झगडा केला. पत्रं, निवेदनं, मुलाखती, पुन्हा पत्रं. सिनेमातली आई मात्र अर्ध्यातच कोमात जाते. एडिटर म्हणून मला कळतं ते तसं का लिहिलं असेल: आई शुद्धीत राहिली असती तर तिनं पोरांना असलं काही करू दिलं नसतं. शेवटचं मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं ते २६ सप्टेंबर २०२५ ला, सिनेमा येऊन जवळजवळ वीस वर्षांनी. पत्रव्यवहाराचा शॉट ९६ फ्रेमनं घेता येत नाही, हा आमच्या धंद्याचा खरा रोग.

याच रोगानं भगतसिंगांचंही पडद्यावर नुकसान केलं. २००२ साली तर त्यांच्यावरचे दोन हिंदी सिनेमे एकाच शुक्रवारी लागले होते. माणूस आठवून बघा. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ ला साँडर्सला मारलं. मारायचा होता त्याचा वरिष्ठ, स्कॉट. पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंची. पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही त्या दिवशी मेला, आझादांच्या गोळीनं. तो माझ्या त्या डबेवाल्या अंगरक्षकासारखा माणूस. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? या खुनानंतर क्रांतिकारकांनी लाहोरात जी पत्रकं लावली त्यांत एका माणसाचं रक्त सांडावं लागल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. तो खेद मी पडद्यावर कधी जोरात ऐकला नाही. पुढे ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत बाँब टाकला तो कुणी मरू नये अशा बेतानं, मोकळ्या जागेत, आणि दोघंही पळाले नाहीत. न्यायालयातून बोलता यावं म्हणून पकडून दिलं स्वतःला. मग तुरुंगातलं उपोषण, ज्यात ६३ व्या दिवशी जतीन दास गेले. फाशीच्या आधी काही आठवडे, फेब्रुवारी १९३१ मध्ये, तरुण कार्यकर्त्यांना लिहिलेल्या पत्रात भगतसिंगांनी बाँब-पिस्तुलाच्या मार्गाच्या मर्यादा स्वतः मांडल्या आहेत आणि शेतकरी-कामगारांची संघटना बांधायला सांगितली आहे. सिनेमाला यातली टोपी आणि फास पुरतो. मधली वाचनाची, खटल्याची, भुकेची दोन वर्षं एका गाण्यात उरकतात.

मराठीत नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा '२२ जून १८९७' बघा, जमला तर मुलांनाही दाखवा. चाफेकर बंधूंनी रँडला मारलं त्याची गोष्ट. त्यात खून आहे, पण शिट्टी मारावी अशी जागा नाही. म्हणजे करता येतं.

राजकारण्याला मारून टाकणारा नायक काही २००६ साली जन्मला नाही. १९८४ च्या 'इन्किलाब'मध्ये अमिताभ मुख्यमंत्री होतो आणि शेवटी आपलं भ्रष्ट मंत्रिमंडळच गोळ्या घालून संपवतो. त्याच वर्षअखेरीला खुद्द अमिताभ अलाहाबादेतून निवडून येऊन खासदार झाले, आणि मतदारांना यात काही विसंगत वाटलं नाही. १९८७ च्या 'प्रतिघात'मध्ये प्राध्यापिका गुंड पुढाऱ्याला कुऱ्हाडीनं मारते, १९९९ च्या 'शूल'मध्ये इन्स्पेक्टर आमदाराला विधानसभेच्या सभागृहात गोळी घालतो. या सगळ्यांना मी एका पंगतीत बसवतो: नायक एकटा, संघटना नाही, कार्यक्रम नाही, उद्याची काळजी नाही. एक माणूस मेला की प्रश्न सुटला. याला राजकीय हिंसा म्हणायलाही जीभ अडखळते. राजकारण त्यात औषधालाही नसतं.

एन. चंद्रांचा १९८६ चा 'अंकुश' मात्र मी वेगळा काढीन. चंद्रा स्वतः एडिटिंगमधून आलेले आणि गिरणगावचं जग ओळखणारे. गिरणी संप सुरू होऊन चार वर्षं झालेली, मुंबईतल्या नाक्यावर चार बेकार पोरं बसून आहेत. पोरं खून करतात आणि फासावर जातात. पण त्याआधी ती नाक्यावर का बसली आहेत हे सिनेमा इतक्या तपशिलानं दाखवतो की खुनापेक्षा बेकारी जास्त टोचते. त्या काळात परळ-लालबागला हा सिनेमा ज्यांनी थिएटरात बघितला, ते आजही त्यातल्या प्रार्थनेबद्दलच बोलतात. ती पुढे महाराष्ट्रभर शाळांच्या परिपाठात गेली. खुनाच्या सिनेमातून शाळेनं प्रार्थना घेतली!

प्रत्यक्ष दगड मारणारी, एसटीच्या काचा फोडणारी पोरं सिनेमा बघून येतात का? माझ्या ओळखीत अशी दोन-चार आहेत, आता चाळिशीतली. सिनेमा सगळ्यांनीच बघितलेला. दगड मात्र 'भाऊ'च्या शब्दावर मारला. भाऊ रात्री वडापाव घालायचा, गणपतीत मंडपाचं काम द्यायचा, बहिणीच्या ऍडमिशनला चिठ्ठी द्यायचा. त्यांच्यातल्या एकावर दंगलीचं आणि कलम ३५३ चं, म्हणजे सरकारी नोकराला मारहाणीचं, बालंट आलं. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीत पुढे होता. चारित्र्य पडताळणीत नाव अडकलं. सरकारं अधूनमधून राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याच्या घोषणा करतात, पण वय निघून गेलेलं असतं. भाऊ आज बिल्डर आहे. हा सिनेमा कुणी काढत नाही, कारण त्यात शेवटच्या रिळात काहीच घडत नाही, नुसत्या तारखा पडतात.

आणि कॉलेजातल्या राजकारणाचं म्हणाल तर आपल्याकडच्या मुलांनी ते पाहिलंय कुठे? महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्यात त्या परत लिहिल्या, पण तुमच्या कॅम्पसमध्ये मतपेटी आलेली कुणाला आठवते का? अलाहाबादच्या विद्यापीठातली कट्टे-बंदुकांची निवडणूक 'हासिल'मध्ये बघायची आणि विद्यार्थी राजकारण म्हणजे हेच समजायचं, अशी आपल्या पोरांची गत. पॅनल कसं बांधायचं, हरल्यावर जिंकलेल्याशी हात कसा मिळवायचा, हे दाखवायला सिनेमाही नाही आणि कॉलेजही नाही.

तेव्हा एकांकिका बंद करू नका. प्राचार्यांना एवढं सांगा की प्रदर्शनाआधी हा सिनेमा त्या वेळचे खरे संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सैन्यदलांचे प्रमुख यांना दाखवण्यात आला होता, आणि मंत्र्याच्या खुनासकट तो लोकांपुढे आला. देशाच्या संरक्षणमंत्र्याला जे झेपलं ते कॉलेजला झेपायला हरकत नाही. मुलांना मात्र कामाला लावा. खुनानंतर ब्लॅकआउट घेऊ नका. एकांकिका करणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, ब्लॅकआउट झाला की टाळी पडते आणि अवघड भाग अंधारात जातो. दिवे चालू ठेवून मंत्र्याला पडलेलाच राहू द्या आणि पुढचा प्रवेश त्याच्या शेजारून होऊ द्या. मंत्र्याच्या अंगरक्षकाला एक नाव आणि दोन वाक्यं द्या. रेडिओचा प्रवेश कापू नका, उलट तोच वाढवा. प्रेक्षकांतून दोन मुलांना उठवून प्रश्न विचारायला लावा, त्यांतला एक तरी पोरांच्या विरोधातला असू द्या. त्या पोरांतला करण स्वतःच्या बापाला मारतो तो भाग गाळायचा मोह होईल, कारण तो अडचणीचा आहे. ठेवा. पार्श्वसंगीत खुनाच्या वेळी पूर्ण बंद. ढोल गेला की निम्मं उदात्तीकरण तिथेच उतरतं. मुलं कुरकुरतील, दोन तालमींनंतर त्यांनाच फरक कळेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खरी धास्ती दुसऱ्याच सिनेमांची आहे. त्यांत पिस्तूल विद्यार्थ्याच्या हातात नसतं, वर्दीतल्या माणसाच्या हातात असतं. २०१८ च्या 'सिम्बा'मध्ये आरोपींना पोलीस ठाण्यातच मारून एन्काउंटरचा बनाव रचला जातो, आणि त्या जागी थिएटरात टाळ्या पडतात. हीसुद्धा राजकीय हिंसाच, कारण ती सत्तेच्या नावानं होते. पण प्राचार्यांना तिचा त्रास होत नाही. गॅदरिंगला वर्दी घालून कुणी त्यातला प्रवेश केला तर एक आक्षेप येणार नाही.

इथे मात्र पडदा आणि रस्ता यांतलं अंतर मला कमी कमी होताना दिसतं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आपले नागपूरचे. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल उघड झाला: गोळ्या जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूनं झाडल्या होत्या, पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. फुलांची दृश्यं घराघरांत पोहोचली होती, अहवाल वकिलांनी वाचला. २०२३ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाचे त्या वेळचे न्यायमूर्ती गौतम पटेल एका भाषणात 'सिंघम'सारख्या सिनेमांवर बोलले. कायद्याच्या प्रक्रियेला वेळ लागतो, आणि हे सिनेमे त्या प्रक्रियेबद्दलचा उतावळेपणा वाढवतात, असा त्यांचा मुद्दा होता. दोन-तीन दिवस त्याची चर्चा झाली.

मेणबत्ती उचलणाऱ्या पोरांना निदान न्यायालयाचा निकाल बदलून हवा होता. फुलं उधळणाऱ्यांना न्यायालयच नको होतं. तुमच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असणार. पहिल्यांची तालीम चालू आहे. दुसऱ्यांशी बोलायला प्राचार्यांनी एखादा तास काढला, तर मी माझ्या खर्चानं येईन आणि 'सिम्बा'तला तो एन्काउंटर कसा कापलाय ते फ्रेम थांबवून थांबवून दाखवीन.